अंगणापर्यंत शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

गणपती ही विद्येची देवता. आपल्या मंडळाच्या मांडवात दहा दिवस जी लहान मुलं नाचतात, बक्षिसं घेतात, प्रसादासाठी रांगेत उभी राहतात, त्यांच्यासाठीच या उत्सवातला अर्धा उत्साह असतो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या एका मराठी बाईंचं चरित्र लिहावं असं वाटलं. पद्मभूषण ताराबाई मोडक यांची पुण्यतिथी ३१ ऑगस्टला, म्हणजे बहुधा गणपतीच्या आगेमागेच येते. त्यांच्या आयुष्याची घडण झाली ती गुजरातमध्ये, आणि त्यांचं सर्वांत मोठं काम उभं राहिलं ते सुरतहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लागून असलेल्या बोर्डी आणि कोसबाड या गावांत. आपण कितीतरी वेळा त्या गावांवरून गेलो असू. उंबरगाव रोड मागे पडलं की बोर्डी रोड, मग घोलवड, मग डहाणू. खिडकीतून चिकूच्या वाड्या दिसतात. त्या वाड्यांमागच्या पाड्यांत काय घडलं, ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई दोघेही प्रार्थना समाजाचे. उमाबाई लहानपणी विधवा झालेल्या, आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केलेला. त्या काळात असं लग्न करणाऱ्यांना नातेवाईक आणि शेजारपाजार यांच्याकडून काय सोसावं लागत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अशा घरात वाढलेल्या मुलीला दोन गोष्टी सहज मिळाल्या : शिक्षण आणि लोकनिंदेची सवय. पुढच्या आयुष्यात दोन्ही उपयोगी पडल्या.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. मुलींनी मराठी चौथीपर्यंत शिकणं हीच मोठी गोष्ट मानली जाण्याचा तो काळ. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी राजकोटला आल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत असत. त्या कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय महिला प्राचार्या झाल्या. पगार चांगला, राहायला बंगला, समाजात मान. एकट्या बाईला त्या दिवसांत याहून सुरक्षित जागा मिळणं कठीण होतं.

भावनगरची नऊ वर्षं

तरीही १९२३ साली त्यांनी ती नोकरी सोडली. कारण होतं भावनगरचं दक्षिणामूर्ती बालमंदिर आणि तिथले गिजुभाई बधेका.

गिजुभाई मूळचे वकील. वढवाणला त्यांची वकिली चालत होती. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून ते मारिया मॉन्टेसरी यांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले, वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. गुजरातमध्ये आजही त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हणून ओळखतात. मुलांना मारायचं नाही, घाबरवायचं नाही, बक्षिसाचं आमिष दाखवायचं नाही, हे त्यांचे नियम. छडी हे मास्तरांचं मुख्य साधन असलेल्या काळात ही गोष्ट लोकांना विचित्रच वाटत होती.

मॉन्टेसरी या मुळात डॉक्टर होत्या, ही गोष्ट आपण विसरतो. त्यांनी आपलं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची मुलं तिथे येत. मुलाचे हातपाय, नखं, कान, दात स्वच्छ आहेत की नाहीत हे पाहणं, त्याची उंची आणि वजन नियमित घेणं, त्याला बसायला त्याच्या मापाची खुर्ची देणं, हे सारं त्या पद्धतीत अक्षरं शिकवण्याच्या आधी येतं. मूल आजारी असेल, भुकेलं असेल किंवा भेदरलेलं असेल तर ते शिकू शकत नाही, हे डॉक्टरच्या नजरेला आधी दिसलं. गिजुभाईंनी ही पद्धत गुजराती घराला मानवेल अशी करून घेतली आणि ताराबाई त्या कामात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार झाल्या.

भावनगरला त्या सुमारे नऊ वर्षं राहिल्या. बालमंदिर चालवणं, शिक्षक तयार करणं, पालकांसाठी लिहिणं, ही कामं दोघांनी मिळून केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षण पत्रिका' हे मासिक गुजरातीत निघत होतं, पुढे ताराबाईंनी ते मराठीतही आणलं. ताराबाईंनी गुजराती आपलीशी केली होती. आपल्यासारख्या, घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या लोकांना त्यांची ही बाजू विशेष जवळची वाटावी.

दादरचं शिशुविहार

१९३० च्या दशकात ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं. मध्यमवर्गीय मराठी घरांतली मुलं तिथे येऊ लागली. शिक्षिकांसाठी अध्यापन वर्गही सुरू झाले. संस्थेचं नाव झालं, पालक वाट पाहू लागले. इथेच थांबल्या असत्या तरी महाराष्ट्राने त्यांना मोठं मानलं असतं.

पण एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता. बालमंदिरात जी मुलं येत होती, त्यांच्या घरी दूध होतं, आंघोळीला पाणी होतं, आजारी पडल्यावर डॉक्टर होता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, ती मुलं या शिक्षणापासून दूरच होती. शिवाय मॉन्टेसरीची साधनं महाग. लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, रंगांच्या पेट्या, हे सारं खेड्यातल्या शाळेला कसं परवडणार? बालशिक्षण ही पैसेवाल्यांची चैन होऊन बसेल अशी भीती होती आणि ती खोटी नव्हती. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराचाही त्यांच्यावर परिणाम झालेला होता. वयाची पन्नाशी ओलांडलेली असताना त्यांनी खेड्याकडे जायचं ठरवलं.

बोर्डी : शाळेआधी पाणी आणि साबण

१९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. याच वर्षी डहाणू आणि उंबरगाव भागात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. सावकार आणि जंगल ठेकेदार यांच्या तावडीत सापडलेली ही माणसं. मुलाला शाळेत घालणं ही त्यांच्या दृष्टीने फार लांबची गोष्ट होती. आजचा गुजरातमधला उंबरगाव तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. १ मे १९६० पर्यंत मध्ये राज्याची सीमा नव्हती.

ताराबाईंसोबत इथे आल्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींची गाठ १९४५ सालीच एका शिबिरात पडली आणि ती ताराबाईंच्या शेवटापर्यंत टिकली.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. जी येत त्यांच्या अंगावर खरूज, केसांत उवा, नाकाला शेंबूड, डोळ्यांत चिपडं. ताराबाई आणि अनुताईंनी शिकवण्याचा क्रम बदलला. आधी आंघोळ, मग केस विंचरणं, नखं कापणं, जखम असेल तर धुऊन औषध लावणं, आणि त्यानंतर गाणी-गोष्टी. खरूज एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते, उवा एका चटईवर झोपणाऱ्या सगळ्या भावंडांना होतात. शाळेत मुलाला स्वच्छ केलं आणि घरी तीच चटई असली तर आठवड्यात सारं पुन्हा येतं. म्हणून घरच्यांशी बोलणं, आयांना जवळ करणं हेही शिक्षिकेचंच काम ठरलं. यात नुसतं व्याख्यान देऊन चालत नसे. शिकलेल्या बाईने वस्तीत जाऊन, ज्यांना गाव शिवतही नव्हतं त्यांच्या मुलांना हाताने आंघोळ घालणं, याला त्या दिवसांत किती धैर्य लागत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्याकडे न्यायची, असं ठरलं. शिक्षिका वस्तीवर जायची, एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायची आणि तिथेच मुलांना गोळा करायची. आया घरकाम करता करता पाहत, हळूहळू जवळ येत. हीच अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी कागदपत्रांत आहे, गुजरातीतही तोच चालतो, पण तो आला या अंगणांतून आणि ताराबाईंच्या प्रयोगातून.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. समुद्रकाठी शिंपले मिळतात, रानात बिया, पानं, खडे, फुलं मिळतात. मोजायला शिंपले, रंग ओळखायला फुलं, लहान-मोठं शिकायला पानं. पैसा लागला नाही आणि मुलांना ही साधनं ओळखीची होती.

कोसबाडची टेकडी

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडला गेलं. इथे वस्ती वारली आदिवासींची, पाडे विखुरलेले. इथली अडचण आणखी वेगळी निघाली.

सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही. का? तर घरी तान्हं भावंड आहे आणि आईबाप मजुरीला गेले आहेत. तिने भावंडाला कडेवर घ्यायचं, भूक लागली की काहीतरी भरवायचं, चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही, विहिरीपासून दूर ठेवायचं. सात वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाच्या जिवाची जबाबदारी वाहतं. यात दोघांनाही धोका. तिला शाळेत ये म्हणून कितीही सांगितलं तरी ती येणार कशी? ताराबाईंनी उपाय काढला तो विकासवाडीचा. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठी मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत यायची, तान्ह्याला पाळणाघरात ठेवायची, मधल्याला बालवाडीत सोडायची आणि स्वतः वर्गात बसायची. सगळी भावंडं जाणत्या माणसाच्या नजरेखाली. शाळेतली गळती आणि मुलांची सुरक्षितता हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे त्यांनी कृतीतून दाखवलं.

मुलग्यांची अडचण गुरांची होती. ती सकाळी गुरं घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात जायचा, गुरं चरत असताना झाडाखाली गाणी, गोष्टी, हिशेब चालायचे. जे दिवसा येऊच शकत नव्हते त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. मुलाचं वेळापत्रक काय आहे ते आधी पाहायचं आणि शाळा त्यात बसवायची, अशी ही पद्धत होती. आजही आपण बहुतेक ठिकाणी याच्या उलट करतो आणि मग मूल गैरहजर म्हणून शेरा मारतो.

याच काळात ताराबाई सार्वजनिक जीवनातही होत्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. पालकांसाठी आणि मुलांसाठी त्यांनी मराठी आणि गुजरातीत पुष्कळ लिहिलं. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत कोसबाडचं काम सांभाळलं.

त्यांच्यानंतर

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं, आईला आरोग्याचं शिक्षण आणि शाळेआधीचं शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आणणारी ही योजना. गुजरातमधला पहिला प्रकल्प आदिवासी भागात, छोटा उदेपूरला सुरू झाला. केंद्राचं नाव ठेवलं गेलं अंगणवाडी. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. भावनगरच्या बालमंदिरात हा नियम त्याच्या सुमारे ९० वर्षं आधीपासून पाळला जात होता. शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी, जंतांची गोळी, दुपारचं जेवण, हे आज सरकारी शाळेत मिळतं. हे सारं एका ताराबाईंमुळे झालं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण मुलाचं शरीर आणि मुलाचं शिक्षण यांचा एकत्र विचार करणाऱ्यांत आपल्याकडे त्यांचं नाव फार आधीचं आहे.

आपल्या पलसाण्यात

हे चरित्र वाचताना मला पुन्हा पुन्हा आपला तालुका दिसतो. आपल्यापैकी बरीच कुटुंबं खानदेशातून इथे पोटासाठी आली. कुणी मिलमध्ये, कुणी कारखान्यात, कुणी नोकरीत. बहुतेक घरांत आता आई आणि वडील दोघेही कामाला जातात. खोलीला कुलूप लावून धाकट्याला मोठीच्या स्वाधीन करून जाणारी आई कोसबाडच्या पाड्यावर होती, तशी आपल्या चाळीतही आहे. फक्त चुलीच्या जागी गॅस आहे आणि विहिरीच्या जागी गच्ची, कालवा आणि हायवे.

थंडीत ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की डांगमधून, नंदुरबारकडून कोयता मजूर येतात. शेताच्या बांधावर पाल ठोकून महिनोनमहिने राहतात. त्यांची मुलंही सोबत असतात. गावची शाळा मागे राहिलेली, इथल्या शाळेत नाव नाही. चलथाण, बारडोलीच्या कारखान्यांकडे उसाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याच्या कडेला ही मुलं खेळतात. ही मुलं आपल्याच भाषेच्या आसपासची भाषा बोलतात. ताराबाई आज इथे असत्या तर त्यांची अंगणवाडी त्या पालांसमोर भरली असती, असं मला वाटतं.

आणि २४ मे २०१९ चा दिवस सुरत जिल्ह्यात कोण विसरेल? सरथाणाच्या तक्षशिला इमारतीला आग लागली, वर शिकवणीचा वर्ग चालू होता, २२ जणांचे जीव गेले, बहुतेक विद्यार्थीच. मुलं शिकायला गेली होती. आईबापांनी फी भरली होती, शिक्षक कसे आहेत ते विचारलं होतं. बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, हे विचारायचं आपल्यापैकी कुणालाच सुचत नाही. त्या घटनेनंतर तपासण्या झाल्या, काही वर्ग बंदही झाले. पण तपासणीचा माणूस वर्षातून एकदा येतो आणि मूल रोज जातं. रोजची नजर पालकांचीच हवी.

मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती आहे. आपल्या मुलाच्या शाळेत आणि शिकवणीच्या वर्गात एकदा स्वतः जाऊन पाहा. संडास वापरण्याजोगे आहेत का, मुलींसाठी वेगळे आहेत का, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, हात धुवायला साबण आहे का, जिना किती रुंद आहे, गच्चीचं दार कुलूपबंद असतं का, रिक्षात किती मुलं कोंबली जातात, हे पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलाला विचारा की शाळेत कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का, आणि त्याचं उत्तर अर्ध्यावर तोडू नका. सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं की डॉक्टरांनी काय लिहून दिलं ते वाचा. चष्मा, दात, रक्त कमी असणं, अशा गोष्टी तिथे कळतात आणि पुढचे उपचारही मोफत मिळतात. चिठ्ठी दप्तरातच राहिली तर त्या तपासणीचा काही उपयोग नाही.

मंडळाने मनावर घेतलं तर आणखी एक गोष्ट होऊ शकेल. दरवर्षी आपण उत्सवातून काही रक्कम समाजकार्यासाठी बाजूला काढतो. ऊसतोडणीच्या हंगामात आठवड्यातून एक दिवस, आपल्यातल्या दोन-चार ताई आणि काही तरुण मुलं त्या पालांवर गेली, सोबत साबण, कंगवे, नेलकटर आणि गोष्टींची पुस्तकं असली, आणि ज्या मुलांचं नाव कुठल्याच शाळेत नाही त्यांची यादी जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्य शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना दिली, तर ते फार खर्चाचं काम नाही. भाषेची अडचण आपल्याला येणार नाही, आणि इथल्या शिक्षकांना ती येते. दुवा होण्याचं हे काम मराठी मंडळच चांगलं करू शकेल.

सुरतहून मुंबईला जाताना पुढच्या वेळी गाडी घोलवडला आली की खिडकीबाहेर जरूर पाहा. मुलं सोबत असतील तर त्यांनाही सांगा की राजकोटची बंगल्याची नोकरी सोडणाऱ्या आणि पन्नाशीनंतर या गावांत येऊन मुलांना आंघोळ घालणाऱ्या एक ताराबाई इथे होत्या.

गणपती बाप्पा मोरया!